शरणपूरहून राबाईला

२५ ऑगस्ट १८४६. मोंबासाच्या मागे ज्या टेकड्या उठतात, त्यांतली एक टेकडी दोन जर्मन पाद्री चढत होते. दोघांच्याही अंगात ताप. सोबत गाढव एकच, तेव्हा आळीपाळीनं बसायचं ठरलं. थोडं अंतर एकानं बसून काढायचं, मग उतरून दुसऱ्याला बसवायचं. वर राबाई लोकांची वस्ती होती. पूर्व आफ्रिकेच्या किनारपट्टीमागे राहणाऱ्या नऊ मिजिकेंडा जमातींपैकी ही एक. प्रत्येक जमातीची 'काया' असते, म्हणजे दाट राईच्या आत वसवलेलं मूळ गाव. पूर्वजांची थडगी तिथं, पंचांची बैठक तिथं, देवकार्यही तिथंच. आपल्याकडच्या देवराईत गाव वसलेलं असावं, असं काहीसं. त्या पंचांनी या दोन आजारी परक्या माणसांना राहायला जागा दिली.

योहान लुडविग क्राफ आणि योहानेस रेबमान अशी त्यांची नावं. जन्मानं जर्मन असले तरी ते आले होते लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीकडून. क्राफ दोन वर्षं आधी, १८४४ मध्ये मोंबासाला पोचला होता आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात त्याची बायको रोझीन आणि नुकती जन्मलेली मुलगी तापानं गेल्या. त्यांची थडगी आजही मोंबासाजवळ आहेत. केनियातलं अँग्लिकन चर्च आपला जन्म १८४४चा मानतं. म्हणजे त्या चर्चच्या इतिहासाची सुरुवातच एका बाळंतिणीच्या मृत्यूनं होते.

दुर्गम खेड्यांत जाऊन धर्मप्रचार करणाऱ्या पाद्र्यांबद्दल आपल्याकडे दोनच तऱ्हांनी बोललं जातं. एक तर ते देवदूत असतात, नाही तर साम्राज्याचे हेर. राबाईची कहाणी मी काही वर्षं वाचतो आहे आणि यांपैकी कोणत्याच चौकटीत ती मला बसवता आलेली नाही. शिवाय तिच्यात एक धागा आहे, जो कुणी आपल्याला शाळेत शिकवला नाही. राबाईचं काम ज्यांनी खरोखर तोलून धरलं, ती माणसं जर्मन नव्हती, इंग्रज नव्हती आणि राबाईचीही नव्हती. ती नाशिकहून गेलेली होती.

*

आधी त्या जर्मनांचं काय झालं ते सांगतो.

धर्मांतराच्या हिशेबानं पाहिलं तर त्यांच्या हाती फार थोडं लागलं. राबाईतला पहिला बाप्तिस्मा घेणारा माणूस म्रिंगे. तो अपंग होता आणि त्याचं आयुष्य संपत आलं होतं. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी न्योंडो आला. बाकी बाप्तिस्मे बोटांवर मोजण्याइतके. राबाईच्या पंचांनी पाद्र्यांना कधी हाकललं नाही आणि त्यांचं ऐकलंही नाही. पाऊस लांबला तर राईत जाऊन करायचं ते विधी ते करतच राहिले. मिजिकेंडांच्या या राया आज युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. २००८ साली ती नोंद झाली. पाद्री येऊन एकशे बासष्ट वर्षं लोटल्यावरही ज्या श्रद्धास्थानाला जागतिक मान मिळतो, त्याची मुळं किती खोल असतील!

पण दोघं भाषा शिकले. क्राफनं स्वाहिलीचं व्याकरण लिहिलं, बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातले सुरुवातीचे अध्याय स्वाहिलीत आणले आणि आयुष्यभर जमवलेल्या शब्दांचा कोश त्याच्या मृत्यूनंतर १८८२ मध्ये छापला गेला. रेबमाननं ११ मे १८४८ रोजी किलिमांजारोचा बर्फाळ माथा पाहिला. पुढच्या वर्षी ३ डिसेंबरला क्राफला माउंट केनिया दिसला. विषुववृत्तावर बर्फ असूच शकत नाही, असं लंडनच्या भूगोलपंडितांनी घरबसल्या ठरवलं होतं. त्यांनी दोघांना वेड्यात काढलं. बर्फ मात्र होता तिथंच होता.

मला या साऱ्याहून मोलाची वाटते ती रेबमानची एक वेगळीच वही. त्याला सालिमिनी नावाचा एक गुलाम भेटला. आजच्या मलावीतून, न्यासा सरोवराकडून पकडून आणलेला. रेबमान त्याच्यासमोर बसला आणि त्याची बोली शब्दाशब्दानं उतरवून घेऊ लागला. तो मुलूख रेबमाननं कधी पाहिला नाही. सालिमिनीलाही आपलं गाव पुन्हा दिसण्याची आशा नव्हती. त्यातून जो कोश झाला तो १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. पकडलेल्या, विकलेल्या माणसाचं गाव, शेत, भांडी, नाती असं सगळं त्याच्या स्मरणातून कागदावर उतरलं. गुलाम माणसाकडे गाठीला काहीच नसतं असं आपण समजतो. सालिमिनीकडे अख्खी भाषा होती.

क्राफची प्रकृती ढासळली आणि १८५३ मध्ये तो परत गेला. रेबमान राहिला. तो एकूण एकोणतीस वर्षं राहिला आणि या काळात एकदाही युरोपात गेला नाही. त्याची बायको एमा १८६६ मध्ये वारली. हळूहळू त्याची दृष्टी जाऊ लागली. १८७५ मध्ये तो जवळजवळ आंधळा होऊन जर्मनीला निघाला, तेव्हा न्योंडोचा मुलगा आयझॅक त्याचा हात धरून बरोबर गेला. पुढच्या वर्षी रेबमान वारला.

रेबमानच्या त्या शेवटच्या दहा-अकरा वर्षांत राबाईत कोण होतं? इथं नाशिक येतं.

*

नाशिकमध्ये शरणपूर रोड ठाऊक नसलेला माणूस सापडायचा नाही. दवाखाने, दुकानं, बँका, वाहनांची रीघ. शरणपूर हे नाव मात्र कशावरून पडलं, हे विचारलं तर फारसं कुणाला सांगता येत नाही. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्यानं तेव्हाच्या नाशिक शहराबाहेर एक वसाहत उभी केली. घरातून, जातीतून बाहेर टाकलेल्या नवख्रिस्ती माणसांना राहायला जागा नसे, त्यांच्यासाठी. बायबलच्या जुन्या करारात पाठलाग होणाऱ्या माणसानं धाव घ्यावी म्हणून काही नगरं नेमून दिलेली आहेत. ती कल्पना मनात धरून हे नाव ठेवलं गेलं. शरण आलेल्यांचं पूर.

आणि या पुरात शरण आली आफ्रिकेतली मुलं.

ती कशी आली, ते समजायला हिंदी महासागराकडे पाहावं लागतं. न्यासा सरोवराच्या आसपासच्या खेड्यांवर धाडी पडत. पकडलेल्यांना साखळीत बांधून किल्व्याच्या किनाऱ्यापर्यंत चालवत आणत. तिथून गलबतात कोंबून झांझिबारच्या बाजारात, आणि झांझिबारहून अरबस्तान, इराण, कधी कधी हिंदुस्थान. या व्यापारात अरब होते, स्वाहिली होते, आफ्रिकन सरदार होते. आपली माणसंही होती. झांझिबारच्या जकातीचा मक्ता कित्येक वर्षं जयराम शिवजी या कच्छी पेढीकडे होता आणि आतल्या मुलखात जाणाऱ्या तांड्यांना लागणारं भांडवल हिंदी सावकार पुरवत. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण ते वगळून पुढे गेलो तर ही कहाणी खोटी होईल.

ब्रिटिश आरमाराची जहाजं अशी गलबतं अडवत. सुटलेल्या माणसांना परत त्यांच्या गावी नेणं शक्य नसे, कारण गाव जळालेलं असे आणि वाट पुन्हा त्याच धाडींच्या मुलखातून जात असे. मग कुणाला एडनला, कुणाला सेशेल्सला, कुणाला मुंबईला उतरवत. मुंबईत उतरलेल्यांतली बरीच मुलं मिशनच्या हवाली होत आणि त्यांतली पुष्कळशी नाशिकला शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात येत.

इथं एक माणूस दोन गावांना जोडतो. कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग. क्राफचा जुना सोबती. दोघांनी आधी इथिओपियात काम केलं होतं. तिथून दोघांनाही बाहेर पडावं लागलं. क्राफ मोंबासाला गेला, इझेनबर्ग मुंबईला. मुंबई इलाख्यात त्यानं जवळपास वीस वर्षं काढली आणि या आफ्रिकन मुलांचं काम त्याच्याच हातून वाढलं. राबाईत एकट्या पडलेल्या रेबमानला साथीदार हवे होते. मुंबईकडे वाढलेले आफ्रिकन तरुण होते. वाट तयारच होती.

शरणपुरात ही मुलं लिहायला-वाचायला शिकली आणि धंदाही शिकली. सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम. त्यांना नवी नावं मिळाली आणि ती बहुतेक त्यांना सांभाळणाऱ्या वा पैसा देणाऱ्या युरोपीय माणसांची. कारस फॅरर हा न्यासाकडचा मुलगा, त्याचं आडनाव नाशिकच्या जुन्या मिशनरी कुटुंबाचं. रिचर्ड इझेनबर्ग, सायमन प्राइस ही नावंही तशीच. आईबापांनी ठेवलेलं नाव, बोली, देव, हे सगळं पुसून त्यावर दुसऱ्याचं नाव लिहिलं गेलं. गुलाम करणाऱ्यानं नाव काढून घेतलं हे तर खरंच. सोडवणाऱ्यानंही ते परत दिलं नाही, हेही तितकंच खरं. मायेनं केलेली चूक असली तरी ती चूकच.

या मुलांना पुढे आफ्रिकेत आणि इंग्लंडात 'नासिक बॉइज' म्हणू लागले. पुढच्या इतिहासकारांनी 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हटलं. ज्या गावाचं नाव ती मिरवत राहिली, त्या गावानं मात्र त्यांची नोंद ठेवली नाही.

*

१८६४ पासून त्यांतले काही जण राबाईत पोचू लागले. विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर, जॉर्ज डेव्हिड. जोन्स मूळचा याओ जमातीचा. लहानपणी पकडला गेला, विकला गेला, समुद्रात सुटका झाली, नाशिकला शिकला, लोहारकाम हाती आलं आणि विशीच्या उंबरठ्यावर पुन्हा त्याच खंडात उतरला. त्याच्या गावात मात्र नाही. शेकडो कोस दूर, जिथली भाषा त्याची नव्हती अशा टेकडीवर.

त्याच सुमारास नाशिकच्या शाळेत आणखी एक पाहुणा आला होता, आफ्रिकेचा प्रवासी-मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन. आपली 'लेडी न्यासा' ही छोटी आगबोट त्यानं १८६४ मध्ये स्वतः चालवत झांझिबारहून मुंबईला आणली होती. १८६६ मध्ये शेवटच्या मोहिमेला निघताना त्यानं नाशिकचे नऊ तरुण बरोबर घेतले. मुंबईचे शिपाई घेतले, म्हशीसुद्धा घेतल्या. आफ्रिकेतल्या माशीच्या दंशानं हिंदुस्थानी जनावर मरतं की तगतं, हे त्याला पाहायचं होतं. जनावरं तगली नाहीत. शिपाई परत फिरले. नाशिकच्या नऊ जणांपैकी काही वाटेत मेले, काही सोडून गेले. लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत त्यांच्याविषयी कठोर शब्द आहेत आणि त्यातले काही बरोबरही असतील. तरीही सात वर्षांनी, जुन्या सोबत्यांपैकी जे पाच जण अखेरपर्यंत त्याच्याजवळ उरले, त्यांत सुसी, चुमा आणि अमोदा यांच्याबरोबर गार्डनर आणि माब्रुकी हे दोघं नाशिकचे होते. चुमाही मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत काही काळ राहिलेला.

१८७२ मध्ये नाशिकच्या आणखी काही तरुणांना लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठी पाठवलं गेलं. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कारस फॅरर ही त्यांच्यातली नावं. पत्रकार स्टॅन्लीनं पाठवलेल्या सत्तावन्न जणांच्या तांड्याबरोबर ते त्याच्यापर्यंत पोचले.

१ मे १८७३. आजच्या झांबियात, बांगवेउलू सरोवराच्या दलदलीलगत चितांबोच्या गावात लिव्हिंग्स्टन गेला. आता त्या माणसांनी काय करावं? त्यांचा करार संपला होता. पगार देणारा उरला नव्हता. प्रेत घेऊन हिंडणारा तांडा वाटेतल्या गावांना नको असतो, अपशकुन मानतात, मारहाण होते, वाट अडवतात. शहाणपण सांगत होतं की इथंच पुरा आणि घरी जा.

त्यांनी काळीज काढून एका झाडाखाली पुरलं. देह उन्हात दोन आठवडे वाळवला, कापडात गुंडाळला, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात ठेवला आणि वरून शिडाचं कापड शिवलं. काळीज पुरताना प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटनं. झाडाच्या बुंध्यावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानंच. कोरलेला तो लाकडाचा तुकडा पुढे कापून लंडनला नेला गेला. नाशिकला शिकलेल्या एका सोडवलेल्या गुलामाच्या हातची अक्षरं आज रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे आहेत.

मग ते निघाले. दीड हजार किलोमीटरांहून जास्त पायवाट, नऊ महिने. वाटेत मरणंही झाली. उन्यान्येंबेला लेफ्टनंट कॅमेरॉन हा इंग्रज अधिकारी भेटला. इथंच पुरून टाका, असं त्यानं सुचवलं. त्यांनी नाही म्हटलं. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचले आणि देह स्वाधीन केला.

तिथं त्यांचं काम संपलं असं साहेबांनी ठरवलं. वेनराइट तेवढा जहाजावर चढला, कारण त्याचं भाडं चर्च मिशनरी सोसायटीनं भरलं. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीसोबत चालणाऱ्यांत तो होता. सुसी आणि चुमा यांना नंतर नेण्यात आलं. तोवर अंत्यविधी होऊन गेला होता. साठ जणांसाठी चांदीची पदकं पाडली गेली, पण ती तयार होईपर्यंत बहुतेक जण पांगले होते. वेनराइटनं लिहिलेली रोजनिशी त्याच वर्षी जर्मन भाषांतरात छापली गेली. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूविषयी त्याच्या आफ्रिकन सोबत्यानं स्वतः लिहून ठेवलेला हा दस्तऐवज. मराठीत तो अजून आलेला माझ्या पाहण्यात नाही.

*

ही शौर्यकथा आहे, म्हणून ती थोडीफार सांगितली जाते. राबाईचं रोजचं काम कुणी सांगत नाही. मला मात्र खरं मिशन तिथंच दिसतं.

मुंबईचा गव्हर्नर राहिलेला बार्टल फ्रेअर १८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाशी बोलणी करायला गेला. त्याच वर्षी ५ जूनला करार होऊन गुलामांचा बाजार बंद झाला. फ्रेअरनं मोंबासालाही भेट दिली, थकलेला रेबमान पाहिला, आणि नाशिकची माणसं इथं आणा असा सल्ला दिला. मग खुद्द प्राइस, शरणपूर वसवणारा, मोंबासाला आला. बेटासमोरच्या मुख्य भूमीवर त्यानं जमीन विकत घेतली आणि १८७५ च्या सुमारास नवी वसाहत उभी राहिली. नाव ठेवलं फ्रेअरटाउन. नाशिकचा आफ्रिकन आश्रम बंद झाला आणि तिथली माणसं इकडे आली. एका शरणपुरातून दुसरं शरणपूर निघालं म्हणा ना.

आरमार गलबतं पकडत राहिलं आणि सुटलेली माणसं आता फ्रेअरटाउनला उतरू लागली. त्यांना शिकवणारे, घरं बांधून देणारे, आजाऱ्याजवळ बसणारे हे नाशिककर होते. समोर उभ्या भेदरलेल्या मुलाला काय वाटत असेल, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. धोक्याची सूचना द्यायला तिथं एक घंटा बांधली होती. मोंबासात तो भाग अजून 'केंगेलेनी' म्हणून ओळखला जातो. केंगेले म्हणजे घंटा.

आणि मग आले 'वाटोरो', पळून आलेले गुलाम. बाजार बंद झाला होता, गुलामगिरी नव्हे. मोंबासा-मालिंदीच्या किनाऱ्यावरच्या शेतमळ्यांवर हजारो गुलाम राबत होते आणि सुलतानाच्या कायद्यानं ते मालकांची मालमत्ता होते. पळून आलेल्याला मिशननं आसरा देऊ नये, असं इंग्रज अधिकाऱ्यांचं स्पष्ट सांगणं. मिशनचे गोरे अधिकारी पेचात. राबाईत मात्र जोन्स होता. रात्री टेकडी चढून आलेल्या माणसाला तो काय म्हणणार होता? परत जा?

तो तसं म्हणाला नाही. माणसं येत राहिली, झोपड्या वाढत गेल्या, शेतं झाली, रविवारी प्रार्थनेला गर्दी होऊ लागली. स्थानिक लोक त्यांना 'वामिशेनी' म्हणू लागले, मिशनवाले. आत गिर्यामा जमातीच्या मुलखात आबे न्गोवा आणि डेव्हिड कोई या स्थानिक ख्रिस्ती माणसांनीही फुलाडोयोला अशीच वस्ती केली. १८८३ मध्ये गुलाममालकांनी डेव्हिड कोईला ठार मारलं. केनियातला पहिला ख्रिस्ती हुतात्मा म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

धर्मांतर म्हटलं की आमिष की जबरदस्ती, असा प्रश्न आपण लगेच विचारतो. विचारायलाच हवा. राबाईत त्याचं उत्तर सरळ नाही. पळून आलेल्याला दुसरी जागाच नव्हती. जिथं आसरा मिळाला तिथला देव त्यानं घेतला. याला मुक्त निवड म्हणणं मला जड जातं. पण त्याच्या पाठीवर वळ होते आणि मागे मालकाची माणसं होती. त्या रात्री दार उघडणाऱ्याचा धर्म कोणता, हा प्रश्न त्याच्यापुरता दुय्यम होता. माझ्यापुरताही तो दुय्यमच राहतो.

१८८८ पर्यंत परिस्थिती स्फोटक झाली. मालक हत्यारं घेऊन मिशनवर चाल करून येण्याच्या बेतात होते. इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचा जॉर्ज मॅकेंझी तेव्हा नुकताच मोंबासाला आला होता. पहिल्याच महिन्यात युद्ध पेटलेलं कंपनीला नको होतं. त्यानं तोडगा काढला. मालकांना माणशी भरपाई द्यायची आणि गुलामांना मुक्ततेचा कागद. १ जानेवारी १८८९ रोजी राबाईत सुमारे चौदाशे माणसांना त्यांची मुक्तिपत्रं मिळाली. एका टेकडीवर एका दिवशी चौदाशे माणसं स्वतःची झाली.

पैसे मात्र मालकांना मिळाले. ज्यांनी राबून मळे पिकवले त्यांना भरपाई कुणी दिली नाही. आणि केनियाच्या किनाऱ्यावर गुलामगिरीची कायदेशीर मान्यता संपायला १९०७ साल उजाडावं लागलं.

*

जोन्सबद्दल आणखी एक सांगायलाच हवं.

३१ मे १८८५ रोजी बिशप जेम्स हॅनिंग्टननं फ्रेअरटाउनला जोन्स आणि सेम्लर यांना दीक्षा देऊन डीकन केलं. दोन महिन्यांच्या आत हॅनिंग्टन युगांडाकडे निघाला आणि जोन्सला बरोबर घेतलं. ऑक्टोबरमध्ये बिशपनं पन्नास माणसं घेऊन पुढे जायचं ठरवलं. उरलेला तांडा जोन्सच्या हाती मागे ठेवला. बुसोगात राजा म्वांगाच्या हुकमावरून बिशप आणि त्याची जवळजवळ सगळी माणसं मारली गेली. निसटलेले मोजके चौघे जण बातमी घेऊन जोन्सपर्यंत पोचले.

जोन्सनं आठवड्यामागून आठवडे वाट पाहिली. बिशप कदाचित कैदेत असेल, जिवंत असेल, ही आशा. शेवटी दीडशेच्या आसपास माणसं, मसाई मुलूख, संपत आलेलं अन्न, अशा स्थितीत त्यानं तांडा परत फिरवला आणि किनाऱ्यावर आणला. फेब्रुवारी १८८६ मध्ये राबाईची टेकडी चढताना तांड्यापुढे निळं निशाण होतं आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शिवलेला होता, 'इखाबोद'. बायबलमधला हा शब्द. वैभव निघून गेलं, असा त्याचा अर्थ.

हॅनिंग्टनचं चरित्र इंग्लंडात घरोघर वाचलं गेलं. जोन्सचं चरित्र कुणी लिहिलं नाही. उलट पुढच्या वर्षांत फ्रेअरटाउनच्या आफ्रिकन कार्यकर्त्यांना, त्यांतही नाशिककरांना, कमी पगार आणि अपमान याविरुद्ध तक्रारी कराव्या लागल्या. इंग्लंडहून काल आलेला तरुण आज त्यांचा वरिष्ठ होई. त्याआधी एका गोऱ्या व्यवस्थापकाच्या काळात तर त्या वसाहतीत चाबकाचे फटके मारले गेले, चौकशी झाली आणि घडी बसवायला प्राइसला पुन्हा बोलवावं लागलं. ज्यांना साखळीतून सोडवलं त्यांच्याच अंगावर मिशनच्या आवारात चाबूक उठला. मिशनच्या इतिहासातला हा डाग पुसण्याचा प्रयत्न कुणी करू नये.

मिशनची दुसरी मर्यादा शांतपणे दिसते. ती वसाहत परक्यांची राहिली. इंग्रजी बोलणारे, पाश्चात्त्य कपडे घालणारे हे सुशिक्षित लोक आणि काठावरच्या शेतातला राबाई माणूस यांच्यात अंतर होतं. राबाईत राहून राबाईचं होणं त्यांना पिढ्यांनी जमलं. पण जमलं. याच वसाहतीतल्या जेम्स म्बोटेला या लेखकानं १९३४ मध्ये 'उहुरू वा वाटुम्वा', म्हणजे 'गुलामांचं स्वातंत्र्य', हे स्वाहिली पुस्तक लिहिलं. त्यात इंग्रजांचं गुणगान फार आहे अशी टीका नंतर झाली आणि ती रास्त आहे. तरी विकल्या गेलेल्या माणसांच्या वंशजानं स्वतःच्या लोकांची गोष्ट लिहिली, ही बाब मला फार मोठी वाटते.

राबाईत आज केनियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचं क्राफच्या नावाचं स्मारक संग्रहालय आहे. त्याच्या आणि रेबमानच्या वाट्याला हे यायलाच हवं होतं. २००७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं 'बॉम्बे आफ्रिकन्स' या नावानं प्रदर्शन भरवलं, म्हणजे लंडनलाही उशिरा का होईना आठवण झाली.

आता आठवण व्हायची राहिली आहे ती आपल्याला. शरणपूरच्या, मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांत कुणाच्या घरी त्या काळची बाप्तिस्म्याची वही, शाळेची हजेरी, पत्रं, एखादा काळपट फोटो असेल, तर तो रद्दीत घालू नका. पाठीमागे पेन्सिलीनं लिहिलेली नावं नीट वाचा. जोन्स, सेम्लर, डेव्हिड, वेनराइट, फॅरर, गार्डनर अशी नावं दिसली, तर एखाद्या संग्रहालयाला किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाला कळवा. त्या नावांखाली दडलेलं आईनं ठेवलेलं नाव कुठं लिहिलेलं असेल तर ते सर्वांत आधी कळवा. मॅथ्यू वेलिंग्टनचं आपल्याला ठाऊक आहे, तो चेंग्विंबे होता. लिव्हिंग्स्टनचा देह वाहून आणणाऱ्यांपैकी तो शेवटचा. मोंबासात तो १९३५ मध्ये वारला.